कोणी वारलेलं नाही

माझ्या हातची एकच पाटी उभ्या माजलगावात गाजली, आणि ती माझ्या दुकानाची नव्हती. शेजारच्या बसलिंगआप्पांच्या किराणा दुकानाच्या बंद शटरवर ती सुतळीनं बांधलेली असायची. पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या रंगात चार ओळी: ‘दुकान आठ दिवस बंद. घरात कोणी वारलेलं नाही. कोणत्याही देवाला गेलेलो नाही. डोंगरात गेलो आहोत.’ शब्द आप्पांचे, अक्षर माझं. तिसरी ओळ काढा म्हणून मी त्यांच्यापुढं अक्षरशः हात जोडले होते. ‘मास्तर, तुमी रंगवा,’ एवढंच ते म्हणाले.

मी मास्तर नाही, कधीच नव्हतो. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे म्हणून आप्पांनी मला मास्तर केलं आणि त्यांच्या तोंडून ते गावभर झालं. त्यांनी एकदा म्हटलं की म्हटलं, मग खोडायला जायची सोय नसे.

हल्ली कोणीही उठतो, कुलू-मनालीला जातो आणि आल्यावर बर्फातले फोटो दाखवून डोकं उठवतो. जावं बापड्यानं, माझं काही म्हणणं नाही. पण पंच्याण्णवच्या सुमाराला मोंढ्यातल्या, म्हणजे आमच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानदारानं देव नाही, नवस नाही, लग्न नाही, मयत नाही, नुसता डोंगर बघायला म्हणून शटर खाली ओढायचं म्हणजे काय होतं, ते ह्या लोकांना कळायचं नाही. म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

आप्पा ठेंगणे, अंगानं भरलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग, आणि गादीवर बसायची एकच तऱ्हा: एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा वर, त्या गुडघ्यावर कोपर. सकाळी सहाला बसले की रात्री नवापर्यंत तेच. तीस वर्षं त्यांच्या नजरेसमोर बारा फुटांवरचं समोरचं भांड्यांचं दुकान होतं. त्या दुकानात कोणत्या फळीवर किती पातेली आहेत हे त्या दुकानदारापेक्षा आप्पांना जास्त ठाऊक.

गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं त्यांना कधी जमलंच नाही. कोणी ‘आप्पा, लवकर द्या की’ म्हणालं की हात आणखी सावकाश चालायचा. ‘घाई पायजे का? घाई पुढल्या दुकानात मिळती,’ असं म्हणून ते पुडी पुन्हा सोडून पुन्हा बांधायचे. तरी गर्दी त्यांच्याकडंच, कारण तूरडाळ ते स्वतः सुपात घेऊन निवडून द्यायचे. त्या काळात दोन-दोन रुपयांच्या शांपूच्या पुड्या नव्यानं आल्या होत्या. दुकानाच्या तोंडाला त्यांच्या माळा लटकलेल्या असायच्या आणि आप्पा त्यांच्याकडं बघून म्हणायचे, ‘लग्नघर झालंय नुसतं. आन् नवरदेवाला टक्कल.’ टक्कल त्यांना स्वतःलाच होतं.

आणि त्यांना एक खोड होती. हाताला येईल ते तळहातावर घेऊन ते वजन सांगायचे. सवयच जडली होती. पुस्तक, चप्पल, दगड, काही असो, हात जरा खालीवर करायचे, डोळे मिटायचे आणि बोलायचे. माझी धाकटी तीन महिन्यांची असताना त्यांनी तिला तसंच हातावर घेतलं आणि म्हणाले, ‘पावणेसहा किलोला जरा कमी. आईला खायला घाला, बे.’ बायकोला राग आला. चार दिवसांनी अंबाजोगाईला दवाखान्यात काट्यावर घातलं तर काटा पाच सातशेवर थांबला. त्यानंतर ती दोन्ही पोरींना दर महिन्याला आप्पांकडं नेऊन आणायची.

दुकान आप्पा चालवत, पण ते होतं घराण्याचं. थोरले बंधू दादा, त्यांचं कापडाचं मोठं दुकान पुढच्या गल्लीत. बाप लवकर गेला, दादांनी बसलिंगला हाताला धरून वाढवलं, शिकवलं नाही पण गादीवर बसवलं. घराण्याचा एक नेम दादा येता-जाता सांगत: आपलं शटर मयतीलाच खाली येतं. घरात माणूस गेला तर पाच दिवस बंद, बाकी दिवाळी असो की दंगल, उघडं. लिंगायतांत खरं म्हणजे सुतक नसतं. ‘आमाला न्हाई, दुकानाला असतं,’ आप्पा म्हणायचे. तेव्हा ते हसून म्हणायचे.

डोंगराचं खूळ आप्पांचं नव्हे. ते आलं कपडे धुण्याच्या पावडरीतून. एक नवी कंपनी तेव्हा बाजारात उतरली होती. तिचा टाय लावलेला माणूस भर उन्हात मोंढ्यात फिरायचा. एवढे खोके खपवा आणि जोडीनं आठ दिवस मनालीची सहल मिळवा, अशी योजना होती. आप्पांनी नको म्हटलं. तो जाता जाता बोलून गेला की राहू द्या, लहान गावात तेवढं खपत नाही. झालं! आप्पा पेटले. गूळ मागायला आलेल्याला पावडर, मीठ मागायला आलेल्याला पावडर. माझ्या घरात ती पुढं दोन वर्षं पुरली. पावसाळा लागायच्या आत खोके संपले आणि टायवाला हात जोडून कागद देऊन गेला.

आप्पांना जायचं नव्हतंच. त्यांना फक्त त्या माणसाचं तोंड बंद करायचं होतं. पण तो कागद महादेवीआक्कांनी वाचला. आक्का म्हणजे आप्पांच्या मंडळी. दोन्ही लेकी परळी आणि लातूरला दिलेल्या. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी अंबाजोगाईहून मरून रंगाची लोकर मागवली आणि माझ्या बायकोकडून टाके शिकून भर उन्हाळी उकाड्यात दोन स्वेटर विणायला बसल्या. घामानं लोकर सुयांना चिकटायची. कोणाला सांगायचं नाही, अशी आप्पांची ताकीद होती. दादांना कळलं तर आठ दिवस शटर खाली येणार म्हणून उगीच तमाशा नको. आप्पांना वाटत होतं, ऐनवेळी काहीतरी कारण काढू.

कारण कंपनीनंच काढलं. श्रावणात पत्र आलं: योजना रद्द, त्याऐवजी भिंतीवरचं घड्याळ. आक्कांनी घड्याळ तांदळाच्या कणगीत टाकलं आणि तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी भर दुकानात, मी आणि दोन गिऱ्हाइकं उभी असताना, पडद्याआडून बाहेर येऊन म्हणाल्या, ‘मला डोंगर दाखवा. कंचाबी दाखवा. स्वेटर घालून बसाया जागा पायजे.’

आता माजलगाव म्हणजे सपाट मुलूख. धरण, ऊस, कारखान्याची चिमणी. डोंगर म्हणाल तर बालाघाटाची कड, ती धारूरला, एसटीनं दीड तासावर. तिथं माणसं जनावरं घेऊन जातात, बाजाराला जातात, सोयरिकीला जातात, सुट्टीला कोणी गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. आप्पा म्हणाले, सकाळी दाखवतो, संध्याकाळी परत. आक्का म्हणाल्या, आठ दिवस. कागदावर आठ दिवस होते, मी आठ दिवसांची बांधाबांध केलीय. मला वाटतं, आयुष्यात आप्पांना तेवढं एकच माणूस वजनात जड गेलं.

भाद्रपदाचा पितृपंधरवडा होता, बाजार थंड. आदल्या संध्याकाळी आप्पा माझ्या दुकानात येऊन हळूच म्हणाले, ‘मास्तर, कोणी इचारलं तर सांगा धारूरला गेलेत.’ आणि मी शहाणा, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं वह्यांच्या खरेदीला बीडला निघून गेलो!

पुढं काय झालं ते मला लोकांनी सांगितलं. सातला पहिलं गिऱ्हाईक आलं, शटर खाली. आठला दहा माणसं जमली. दार वाजवलं, मागची कडी बघितली, कुलूप. घराण्याचा नेम सगळ्या बाजाराला ठाऊक. नऊला समोरच्या भांड्यांच्या दुकानदारानं आपलं शटर अर्धं ओढलं, त्याचं बघून पलीकडच्यानं. आमच्या मोंढ्यात व्यापारी गेला की माती होईपर्यंत गल्ली बंद ठेवतात. दहापर्यंत गल्ली बंद. हारवाला आला. लिंगायतांत माणसाला बसवून, मखरात नेतात, तर कोणीतरी मखर करणाऱ्याला निरोप दिला, तो बांबू घेऊन हजर. फक्त मयत कुठं आहे एवढंच कोणाला माहीत नव्हतं. अंबाजोगाईला दवाखान्यात गेला असेल, तिथून आणतील, असं आपापसात ठरलं.

मी बाराच्या गाडीनं उतरलो आणि गल्लीत शिरलो तर हे दृश्य. मधोमध, शटरला टेकून दादा बसलेले. साठी उलटलेला माणूस, कापड मोजायचा गज हातात तसाच, पायात चप्पल नाही. कापडदुकानातून तसेच धावत आले होते. तळहातानं शटरवर थापा मारत होते आणि ‘बसू, बसू’ अशी धाकट्याला लहानपणची हाक मारत होते. मी पुढं होऊन म्हणालो, दादा, आप्पा धारूरला गेलेत.

‘कंच्या दवाखान्यात?’

‘दवाखान्यात नाही. डोंगरात.’

‘डोंगरात काय हाय?’

मी म्हणालो, ‘डोंगर आहे.’

कोणीतरी फिसकन हसलं. दादांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, उठले आणि तापलेल्या रस्त्यावरून तसेच अनवाणी घरी गेले. मखरवाल्याला बांबू परत न्यावे लागले. तो मात्र मला दोन महिने टोमणे मारत होता.

आठ दिवसांनी जोडी परतली ती नाकाची साल निघालेली, पिशवीत सीताफळं. गल्लीनं घेरलं. कोणत्या देवाला गेलता? आप्पा म्हणाले, देवाला न्हाई, डोंगराला. डोंगरावर कोणता देव? कोणताबी न्हाई. कोणाचा विश्वास बसेना. आमच्याकडं माणूस टेकडी चढतो ती वर देव असतो म्हणून. बिनदेवाच्या डोंगरावर आठ दिवस? मग बायकांनी ठरवून टाकलं की उतारवयात मुलासाठी गुपचूप नवस केलाय. आक्कांच्या कानावर ते आलं तेव्हा त्या हसून हसून खाली बसल्या.

मला आप्पांनी नीट सांगितलं. धारूरच्या पेठेत एका ओळखीच्या कासाराची खोली घेतली. पहिल्या दिवशी ते लई बेजार झाले. भांडायला माणूस नाही, तोलायला माल नाही. आक्का किल्ल्याच्या तटावर स्वेटर घालून बसल्या, उन्हानं घामाघूम, पण काढायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं आलं, गार वारं सुटलं आणि आप्पांनी मुकाट्यानं आपलाही स्वेटर अंगात घातला. तिसऱ्या दिवशी म्हाळूमामा नावाचे धनगर भेटले. काय काम काढलं, म्हणाले. काम नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, सरकारी मोजणीची माणसं असतील, मेंढरांचं रान बंद करायला आलेत. दुपारी आक्कांनी त्यांना भाकरी दिली तेव्हा कुठं संशय फिटला. सीताफळाचे डोळे उघडल्याशिवाय तोडू नका, हेही त्यांनीच शिकवलं. टोपल्यांनी सीताफळं घेणाऱ्या आप्पांना ती झाडावर कशी दिसतात हे माहीत नव्हतं.

‘मास्तर, पाचव्या दिवशी ध्यानात आलं,’ आप्पा म्हणाले, ‘सकाळधरनं मी काईबी तोललं न्हाई. हात रिकामे. समोर बघावं तर नजर थांबाया जागाच न्हाई. खाली लांब पाणी चमकत होतं, धरणाचं असंल. म्हणलं, त्या तिथं एवढंसं माजलगाव, आन् त्यात मी तीस साल फळ्या बघत बसलोय. कावून? कशापायी?’

‘पण तिथं आहे काय, आप्पा?’

‘काई न्हाई. म्हणून तर गेलतो.’

हे बोलताना त्यांचा चेहरा भांडणाला निघाल्यासारखा होता. सुखाची गोष्टही हा माणूस भांडल्यासारखीच सांगायचा.

दादांनी निरोप पाठवून बोलावलं. खबर दडवली म्हणून मलाही. दादा कापडाच्या गादीवर, शेजारी त्यांचा मुलगा सुभाष. सुभाषला किराण्याच्या जागेत एसटीडी-झेरॉक्सचं दुकान काढायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. दादा शांतपणे बोलले. पुन्हा असं शटर खाली आलं तर दुकान सुभाषकडं जाईल. मग त्यांचा आवाज मऊ झाला. लहानपणी पडलेल्या भावाला उठवताना असेल तसा. म्हणाले, ‘बसू, एवढंच म्हण की देवाला गेलतो. देवाला गेल्यावर नेम मोडत न्हाई. दरसाल जा, मी अडवत न्हाई.’

मला सुटल्यासारखं झालं. एका शब्दाचा प्रश्न! मी आप्पांकडं बघितलं, म्हटलं आता हो म्हणतील.

‘दादा,’ आप्पा म्हणाले, ‘डाळ मी सुपात घिऊन निवडतो, तरी दोन खडे ऱ्हातात. ह्यात एकबी ठेवायचा न्हाई. मी डोंगराला गेलतो.’

आणि उठले. रस्त्यात मी चिडून म्हणालो की देवाचं नाव घेतलं असतं तर देव काही रागावला नसता. तर म्हणाले, देव रागावला नसता, डोंगर रागावला असता. ह्यावर काय बोलणार, डोंबल!

वर्ष गेलं. मला आतून वाटत होतं, आप्पा आता कुठं जात नाहीत. पन्नाशी ओलांडलेला माणूस, लेकी परक्या घरी, दुकान गेलं तर खाणार काय? आक्काही म्हणाल्या, एकदा बघितला डोंगर, पुरे. पण पितृपंधरवडा लागला आणि आप्पा पुठ्ठा मागायला आले. चार ओळी तोंडी सांगितल्या. मी रंगवल्या. पहाटे पाटी बांधताना त्यांनी सुतळीची गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली, हे मी बघितलंय. गाडीत चढताना मात्र छाती पुढं.

त्याच दुपारी दादा आले, पाटी वाचली, दोनदा वाचली, आणि शटरला आप्पांची दोन कुलपं होती त्यांच्या मधोमध आपलं पितळी कुलूप लावून गेले. पाटी काढली नाही. का काढली नाही, मला अजून कळलेलं नाही.

आठव्या दिवशी आप्पा सीताफळांची दोन डाली घेऊन उतरले. तिसरं कुलूप बघितलं. आक्कांना मागच्या दारानं घरात पाठवलं; आतून दुकानात जाता आलं असतं, पण दादांचं कुलूप चुकवायचं नाही म्हणून स्वतः दुकानाच्या पायरीवर बसले, तसेच, एक मांडी आणि एक गुडघा वर. डाली पुढ्यात. बाया नेहमीसारख्या यायला लागल्या. साखर मागितली की आप्पा म्हणायचे, साखर दादांकडं हाय, किल्ली त्यांच्याजवळ हाय, तिकडं मागा. आणि वर एक सीताफळ हातात ठेवायचे, तळहातावर तोलून, वजन सांगून, फुकट.

बाया खरंच गेल्या की! कापडाच्या दुकानात, लुगड्यांच्या आणि शर्टपीसच्या मधे उभं राहून, पावशेर शेंगदाणे द्या म्हणायला लागल्या. दादा म्हणायचे, हे कापडाचं दुकान आहे. बाया म्हणायच्या, आप्पांनी पाठवलंय. एका म्हातारीनं तर तासभर बैठक मारली, पोहे घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणून. तीन दिवस हा धिंगाणा. सुभाष वैतागून म्हणाला म्हणे, नको मला ती जागा, तिथं एसटीडी काढलं तरी लोक गूळच मागतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा आले. चालत, चप्पल घालून. मी माझ्या दुकानात वह्या रचत होतो, ऐकत होतो, लपवत नाही.

दादा म्हणाले, ‘आपलं शटर मयतीलाच खाली येतं.’

‘मग माझ्या मयतीचे दिवस मला जिता असताना द्या,’ आप्पा म्हणाले. ‘मी मेलो की एक दिवसबी दुकान बंद ठेवू नका. उघडं ठेवा.’

‘मयतीचे पाच असतात. तू आठ खाल्लेस.’

‘पाच तर पाच. कबूल.’

‘आन् माणूस एकदाच मरतं, बसू. दरसाल कसं?’

‘जवा जवा जाईन तवा तवा मेलो समजा. मागल्या साली तुमी तसंच समजलात की.’

हे बोलायला नको होतं. आप्पांनाही बोलल्यावर कळलं. दादांनी शटरवर तळहात टेकवला. मग म्हणाले, ‘त्या दिवशी मी अनवाणी पळत आलतो, बे. रस्ताभर म्हणत होतो, देवा, मला ने, ह्याला ठेव. आन् तू वाऱ्याला बसला होतास.’

आप्पा उठून उभे राहिले. त्यांनी डाल्यातलं एक सीताफळ उचललं, तोललं नाही, तसंच दादांपुढं धरलं. दादांनी ते घेतलं, दुसऱ्या हातानं कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. जाता जाता म्हणाले, ‘तुझी मयत बघाया मी ऱ्हाणार न्हाई. पण ऱ्हायलो तर शब्द पाळीन.’

पुढल्या वर्षीपासून पाटीवर आठाचे पाच झाले. बाकीच्या तिन्ही ओळी तशाच.

एका वर्षी मलाही ओढून नेलं. मी कुरकुरत गेलो. घाटाच्या कडेला एका धोंड्यावर बसवलं आणि सांगितलं, मास्तर, अर्धा तास बोलायचं न्हाई. मला ते फार जड गेलं. तरवडाची पिवळी फुलं, खाली दरीत म्हाळूमामांची मेंढरं, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाऱ्यानं कधी जवळ, कधी लांब. आक्का बाजूला आपल्या स्वेटरात, डोळे मिटून, गालातल्या गालात हसत. हळूहळू माझ्याही डोक्यातला बाजार गप्प झाला, हे कबूल करतो. आप्पांनी एक दगड उचलला, तळहातावर घेतला, हात खालीवर केला, डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो. ‘असू दे, असंल तेवढं,’ म्हणाले आणि दगड होता तिथं ठेवून दिला. त्यांना वजन सांगता आलं नाही असं नव्हे, त्यांनी सांगितलं नाही.

सहा वेळा गेले. सातवा भाद्रपद आला नाही. वैशाखात एका सकाळी अंघोळ करून पूजेला बसले ते उठलेच नाहीत.

बातमी कळली तशी गल्लीतली शटरं खाली आली. मीही माझं ओढलं. सुभाष रडत रडत आप्पांच्या दुकानाला कुलपं लावत होता, तेवढ्यात दादा आले. सत्तरीला टेकलेले, हातात काठी. सुभाषला म्हणाले, ‘उघड.’ त्याला वाटलं दुःखानं भ्रमिष्ट झालेत. कोणीतरी समजवायला पुढं झालं. दादांनी काठी आपटली. ‘उघड म्हणलं ना. शब्द दिलाय.’

शटर वर गेलं. दादा चढून गादीवर बसले. सगळा मोंढा बंद, एक तेवढं दुकान उघडं, शांपूच्या माळा वाऱ्यानं हलत. ऊसतोडीच्या वस्तीवरची एक बाई काही माहीत नसताना साखर मागायला आली. कापड मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला तराजू धरता येत नव्हता. पारडं कधी इकडं, कधी तिकडं. शेवटी त्यांनी मापटंभर साखर तशीच पिशवीत ओतली. बाई म्हणाली, आप्पा कुठं हायत? आन् समदा बाजार बंद, हेच कावून उघडं हाय?

‘त्याची सुट्टी आधीच घिऊन झालीया,’ दादा म्हणाले.

दोन्ही लेकी पोचल्यावर दुपारी तीनच्या सुमाराला मखर निघालं. बेचाळीस डिग्री ऊन. आप्पा बसलेले, कपाळावर भस्म, आणि अंगात तो मरून रंगाचा स्वेटर. आक्कांनी घातला होता. बायका कुजबुजल्या, एकानं काढायला हात घातला, तर आक्का म्हणाल्या, ‘राहू द्या. वर गार असतं.’ कोणी पुन्हा हात लावला नाही.

मखर दुकानासमोर थांबलं. आप्पा खाली, दादा गादीवर, दोघं समोरासमोर बसलेले. मला वाटलं दादा आता उतरतील, मातीला येतील, पाठचा भाऊ आहे. पण ते उतरले असते तर दुकानात कोणीच राहिलं नसतं. त्यांनी बसल्या जागी हात जोडले. मखर हललं, आम्ही निघालो. वळणावर मी मागं बघितलं तर गल्लीच्या टोकाला आणखी एक बाई रिकामी पिशवी घेऊन उभी होती आणि दादा तराजूशी झटत होते.